घरासाठी किती मिळणार, त्याआधी कधी मिळणार ते विचारा

घरकुल मंजूर झालं की गावात पहिला प्रश्न असतो, 'किती मिळणार?' बँकेचं कर्ज झालं की पाहुणेही तेच विचारतात, 'कितीचं केलंस?' आकडा महत्त्वाचा आहेच. पण जोत्यावर येऊन थांबलेली, सळया गंजत उभी असलेली घरं कुठल्याही तालुक्यात दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच घरांना पैसे मंजूर झालेले असतात. ते वेळेवर हातात आलेले नसतात, एवढंच. सरकारचं अनुदान असो की बँकेचं कर्ज, रीत एकच: आधी टप्प्याचं काम करून दाखवा, मग पुढचा हप्ता. ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली की बाकीचे नियम फारसे अवघड वाटत नाहीत.

खेड्यातल्या घरकुलापासून सुरुवात करू. 1985 पासून चालत आलेल्या इंदिरा आवास योजनेच्या जागी 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. सपाट भागात घरामागे 1 लाख 20 हजार रुपये, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. घर किमान 25 चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण 269 चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. 2024 मध्ये केंद्राने योजना 2028-29 पर्यंत वाढवली, आणखी 2 कोटी घरांचं लक्ष्य ठेवलं, पण घरामागची रक्कम मात्र तीच ठेवली. 2016 मध्ये सिमेंटची गोणी आणि सळई कोणत्या भावाने मिळत होती ते एखाद्या गवंड्याला विचारा, म्हणजे आज त्या 1 लाख 20 हजारांत किती घर उभं राहतं याचा अंदाज येईल.

महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये या रकमेत आपल्याकडून 50 हजारांची भर घातली. त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी राखलेले आहेत, म्हणजे बांधकामाला 35 हजार. याशिवाय रोजगार हमीतून घरमालकाला स्वतःच्याच घरावर केलेल्या अकुशल कामाची 90 दिवसांची मजुरी मिळते. 2025-26 च्या 312 रुपये दराने ती 28 हजार 80 रुपये होते. शौचालयाचे 12 हजार वेगळे. ही सगळी बेरीज केली की 2 लाख 10 हजारांच्या थोडं वर जाते, आणि घरकुलाला 2 लाख 10 हजार मिळतात हे जे ऐकू येतं ते असं जुळतं.

गोम अशी, की ही रक्कम एका खिडकीतून येत नाही. घरकुलाचा हप्ता एका फाइलवर, मजुरी रोजगार हमीच्या मस्टरवर, शौचालयाचे पैसे स्वच्छ भारतच्या खात्यातून, सौरचे पॅनेल बसल्यावर. जॉबकार्ड नाही, किंवा कामाची मागणी वेळेत नोंदवली नाही, तर 28 हजार कागदावरच राहतात. पूर्वी कधी शौचालयाचं अनुदान उचललं असेल तर ते 12 हजारही धरू नका. म्हणून बजेट मांडताना बांधकामाला हमखास मिळणारी रोकड 1 लाख 55 हजार धरावी आणि वरचं जे येईल ते आलं तर आलं, असं समजावं. 2025 च्या वाळू धोरणात घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत दिली आहे, ही मात्र खरी मदत आहे. तिथेही ट्रॅक्टरचं भाडं आपल्या खिशातून जाणार हे धरून चला.

हप्ते कसे पडतात ते जरा जवळून बघू. मंजुरीनंतर पहिला हप्ता येतो तो लहान, साधारण 15 हजारांचा. तो येण्याआधी पंचायत समितीचा गृहनिर्माण अभियंता जागेवर येतो, लाभार्थ्याला जुन्या घरापुढे किंवा मोकळ्या जागेवर उभं करतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. त्या फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. मग जोतं झालं की दुसरा फोटो, छताच्या पातळीला पुढचा, घर पुरं झालं की शेवटचा. प्रत्येक फोटो संगणकावर चढल्यावरच पुढचा हप्ता सुटतो, थेट खात्यात. यातून दोन गोष्टी निघतात. एक, पहिला फोटो जिथला आहे तिथेच घर बांधायचं. रस्त्याला लागून बरं पडेल म्हणून चार घरं पलीकडे पाया खोदला तर फाइल अडकलीच म्हणून समजा. दुसरी, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात आणि ते खातं कोणतं, हे अनेकांना माहीतच नसतं. कधीकाळी मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं आधारला चिकटलेलं असतं आणि हप्ता 'जमा झाला' असूनही मिळत नाही. मंजुरी आली की पहिल्या आठवड्यातच बँकेत जाऊन हे तपासून घ्यावं.

पण 15 हजारांत जोतं होतं का? नाही. खोदाई, दगड, मुरूम, सिमेंट, गवंड्याची मजुरी असं सगळं धरलं तर त्याच्या कितीतरी पट लागतात. दुसरा हप्ता येईपर्यंतची ही खिंड स्वतःच ओलांडावी लागते. तिच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

नाव कुठल्या यादीत आहे, हा प्रश्न त्याहून आधीचा. आधी 2011 च्या सामाजिक-आर्थिक-जात सर्वेक्षणातून यादी आली, त्यात सुटलेल्यांसाठी 2018 मध्ये आवास प्लसची नोंदणी झाली, आणि योजना वाढवल्यावर पुन्हा नवा सर्व्हे झाला. अपात्रतेच्या अटीही 2024 मध्ये सैल झाल्या: आता घरी दुचाकी किंवा फ्रीज आहे म्हणून नाव कापलं जात नाही आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजारांवर गेली. जुन्या अटीवर ज्यांचं नाव गळलं होतं त्यांनी 'आपल्याला एकदा नाही म्हटलंय' म्हणून गप्प बसू नये. यादी ग्रामसभेपुढे यावी लागते, आणि ग्रामसभेला न जाता नंतर ग्रामपंचायतीच्या पायरीवर भांडण्यात अर्थ नसतो. या योजनेत ठेकेदार नेमायची मुभा नाही हेही लक्षात ठेवा. 'सगळं मी बघतो, तुम्ही फक्त अंगठा द्या' म्हणणारा माणूस नियमात कुठेच बसत नाही.

केंद्राच्या यादीत नाव नसेल तरी राज्याच्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी 2023 पासून मोदी आवास. हप्त्यांची चाल साधारण वर सांगितली तशीच. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून घरकुलाची जागा विकत घ्यायला मदत मिळते. पूर्वी ती 50 हजार होती, आता 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 1 लाखापर्यंत केली आहे. रस्त्यालगतच्या गावांत एवढ्यात जागा मिळणं कठीण, पण आतल्या गावांत भावकीतून सौदा जमतो.

नगरपरिषद, नगरपंचायत, महापालिकेच्या हद्दीत आलात की योजना बदलते. 1 सप्टेंबर 2024 पासून शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. स्वतःची जागा आहे, वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत आहे आणि देशात कुठेही पक्कं घर नाही, अशा कुटुंबाला बांधकामाला अडीच लाख मिळतात: दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचे. यातही टप्पे आहेतच.

याच योजनेत गृहकर्जाच्या व्याजावरची सवलत आहे, आणि तिच्याबद्दल गैरसमज फार. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, चटईक्षेत्र 120 चौरस मीटरपर्यंत, आणि कर्ज 1 सप्टेंबर 2024 नंतरचं. या चौकटीत बसलात तर पहिल्या 8 लाखांवर, जास्तीत जास्त 12 वर्षांच्या मुदतीसाठी, 4 टक्के सवलत. सगळी मिळून कमाल 1 लाख 80 हजार. जुन्या योजनेत 2 लाख 67 हजारांपर्यंतची रक्कम एकदम कर्जखात्यात पडायची आणि हप्ता लगेच उतरायचा. आता ती पाच वार्षिक हप्त्यांत येते, तीही खातं नियमित चालू असेल आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असेल तर. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त 36 हजार. बिल्डरच्या किंवा एजंटच्या कागदावर हे 1 लाख 80 हजार 'डाउन पेमेंट'मध्ये वजा करून दाखवले असतील तर तो कागद परत करा. पैसे नंतर येणार आहेत, सुरुवातीला नाहीत. खेड्यातल्या कर्जाला ही सवलत नाही. पण विकास प्राधिकरणाच्या नियोजन क्षेत्रात येणारी गावं यात बसू शकतात, हे मोठ्या शहरांभोवतीच्या लोकांनी जरूर विचारून घ्यावं.

आता बँक. तयार फ्लॅटचं कर्ज आणि स्वतःच्या प्लॉटवर बांधायचं कर्ज यांत बराच फरक आहे. फ्लॅटमध्ये बँक विकणाऱ्याला पैसे देऊन मोकळी होते. बांधकामात तारण म्हणून ठेवलेलं घर अजून जमिनीतून वर आलेलंच नसतं. त्यामुळे बँकेला लागतो मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि अभियंत्याने सही केलेलं अंदाजपत्रक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जात मालमत्तेच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देता येतात, 75 लाखांपर्यंत 80 टक्के, त्यापुढे 75. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. बँक कमी देऊ शकते आणि लहान गावात बहुधा कमीच देते.

उरलेला वाटा आपला, आणि तो आधी घालायचा. समजा अंदाजपत्रक 20 लाखांचं आहे आणि बँकेने 80 टक्के, म्हणजे 16 लाख मंजूर केले. आपले 4 लाख पायात आणि जोत्यात गेलेले दिसल्याशिवाय बँक बहुधा पहिला हप्ता सोडत नाही. मग बँकेचा माणूस पाहणी करतो, किती टक्के काम झालं याचा दाखला येतो आणि त्या प्रमाणात पैसे येतात. कॉलम, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, लादी असं. स्लॅबच्या वेळी सेंट्रिंग, सळई, सिमेंट, मिक्सर सगळं एकाच आठवड्यात लागतं आणि बँकेचा हप्ता मात्र स्लॅब पडल्यावर. अनुभवी ठेकेदार दुकानदाराकडे महिन्याची उधारी जमवून देतो ती याचसाठी. ठेकेदार निवडताना दराइतकीच ही पत बघावी.

या काळात व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं. 6 लाख उचलले असतील आणि दर साडेआठ टक्के असेल तर महिन्याचं व्याज 4 हजार 250. पूर्ण हप्ता सगळी रक्कम उचलल्यावर सुरू होतो. ज्यांचं बांधकाम दोन-अडीच वर्षं रेंगाळतं ते एवढा काळ नुसतं व्याज भरतात, मुद्दल जागचं हलत नाही, आणि वर राहत्या घराचं भाडं चालूच. एप्रिल 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं, की काही ठिकाणी व्याज पैसे दिल्याच्या तारखेऐवजी मंजुरीच्या किंवा धनादेशाच्या तारखेपासून लावलं जातंय, ते चुकीचं आहे, परत करा. तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांचा खातेउतारा काढून तारखा जुळवून पाहणं हा वेळेचा अपव्यय नाही.

व्याजदराची तुलना करताना आणखी एक फसगत होते. राष्ट्रीयीकृत बँक कागदपत्रांना नाही म्हणते, तेव्हा माणूस छोट्या कंपनीकडे जातो आणि तिथे दर सांगतात 'फ्लॅट दहा टक्के'. 3 लाख, 5 वर्षं, फ्लॅट दहा टक्के म्हणजे व्याज दीड लाख, महिन्याला हप्ता 7 हजार 500. ऐकायला बरं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 3 लाखांवर घेतलंय. घटत्या बाकीच्या हिशेबाने हा दर 17 टक्क्यांच्या वर जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून कर्ज देणाऱ्याने वार्षिक खरा दर आणि सगळे आकार एका पानावर लिहून देणं बंधनकारक आहे. ते पान मागा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, हेही तिथेच विचारून घ्या.

गावाकडे बँक 'नाही' म्हणते ती बहुतेक वेळा पगारावरून नाही, जागेवरून. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, जो मुळात कर आकारणीचा कागद आहे. त्यावर बहुधा आजोबांचं नाव, वारसनोंद झालेली नाही, आणि चार चुलत्यांचा हिस्सा तोंडी ठरलेला. बँकेचा वकील हे बघून 'टायटल स्पष्ट नाही' लिहितो आणि फाइल परत येते. केंद्राने 2020 मध्ये स्वामित्व योजना आणली ती याच अडचणीवर. ड्रोनने गावठाण मोजायचं, प्रत्येक घराची हद्द ठरवायची आणि मालकाला मिळकत पत्रिका द्यायची. ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्राने त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत केला होता. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून पत्रिका काढा आणि नाव, क्षेत्र, हद्द नीट वाचा. चूक असेल तर ती कर्जाची घाई लागण्याआधी दुरुस्त करायची, नंतर नव्हे.

घर शेतजमिनीवर बांधत असाल तर अकृषिक वापराचा प्रश्न येतो. गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला आणि विकास आराखड्यात निवासी दाखवलेल्या जमिनीला आता ठरावीक रक्कम भरून हे काम पूर्वीपेक्षा सोपं झालंय. मात्र शेतात एका गुंठ्याचा तुकडा नोटरीवर घेतला असेल तर बँक दारात उभं करणार नाही, घर कितीही सुंदर बांधा. गुंठेवारीच्या नादात आयुष्याची पुंजी अडकलेली कितीतरी कुटुंबं आहेत, आणि मला तरी यात घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याचा आणि डोळेझाक करणाऱ्या यंत्रणेचा दोष जास्त वाटतो.

आता ती मधली खिंड. दोन हप्त्यांच्या मधले पैसे कुठून आणायचे? घरकुलाच्या नियमांत लाभार्थ्याला 70 हजारांपर्यंत बँक कर्ज मिळवून द्यायची तरतूद आहे. लेखी आहे, पण बँका त्यासाठी उत्साह दाखवत नाहीत. त्यामुळे लोक सोनं ठेवतात, बचत गटातून उचलतात, हातउसने घेतात, नाहीतर सावकाराकडे जातात. या सगळ्यांचे दर एकाच मापात आणून बघा. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन म्हणजे वर्षाला 24 टक्के, आणि निदान त्यातला नफा गटातच राहतो. सावकाराचं शेकडा तीन म्हणजे 36 टक्के. जोत्यासाठी 50 हजार शेकडा तिनाने घेतले आणि हप्ता यायला चार महिने लागले तर 6 हजार व्याजात गेले. बँकेतलं सोनेतारण बहुतेक वेळा या दोन्हींपेक्षा स्वस्त पडतं. घरातल्या बाईला दागिना ठेवणं जड जातं, ते समजण्यासारखं आहे. म्हणूनच तो कधी सुटणार याची तारीख तिला आधी सांगावी, आणि हप्ता आल्या दिवशी पहिलं काम ते करावं. शक्य असेल तर पाया दिवाळीनंतर, पीक विकून हातात पैसा असताना काढावा. मार्चअखेरीस कार्यालयं हिशेबात गुंतलेली असतात, जूनमध्ये पाऊस येतो, आणि दोन्हीकडून वेळ जातो.

प्राप्तिकराचं थोडक्यात. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते, पण ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं ते संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पुरं व्हायला हवं. नाहीतर ती 30 हजारांवर येते. बांधकाम चालू असतानाचं व्याज घर पुरं झाल्यावर पाच समान भागांत वजा करता येतं. नव्या करपद्धतीत राहत्या घराला यातलं काहीच नाही. म्हणून निव्वळ कर वाचतो या कारणासाठी कर्ज वाढवून घेण्यात हशील नाही. पूर्णत्वाचा दाखला मात्र सांभाळून ठेवा, तारखेचा पुरावा तोच.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत घ्यायचं बरेच जण लांबणीवर टाकतात. पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत बँकेने मूळ कागद द्यायचे आणि नोंदलेला बोजा उतरवायचा. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे. कागद हातात आल्यावर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा आणि 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचं नाव अजून आहे का ते बघा. असेल तर बँकेचं पत्र जोडून तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेखात अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.